झाकण नव्हतं, असं लिहा

"ताई, झाकण नव्हतं, असं लिहा."

समोर बसलेल्या बाईंचा आवाज इतका खालचा होता की मला आधी वाटलं, त्या स्वतःशीच बोलताहेत. मी रजिस्टरमधून मान वर केली. मृत्यूच्या कारणाचा रकाना नुकताच भरून झाला होता. तो आपल्या मनाने भरायचा नसतो. डॉक्टरांच्या दाखल्यावर असेल ते उतरवून घ्यायचं. दाखल्यावर 'पाण्यात बुडून' असं होतं, मी तेच लिहिलं होतं. वय 4 वर्षं 2 महिने. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा म्हणाल्या, तेही मी केलं होतं. कसल्याशा कामासाठी खणलेला खड्डा, पावसाने तुडुंब भरलेला. भोवती कठडा नाही, वर झाकण नाही. महिनाभर तसाच पडून होता. शेजाऱ्यांनी दोनदा अर्ज दिला होता.

"तसा रकाना नाही हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. दाखवलं तिथे सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि उठता उठता विचारलं, "मग ते कुठे लिहायचं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. रांगेत पुढचा माणूस उभा होता, त्याचा अर्ज मी ओढून घेतला. तो जन्माचा होता.

जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात माझी 22 वर्षं गेली. लोक म्हणतात, आकड्यांना चेहरा नसतो. माझ्या टेबलापाशी येतो तेव्हा असतो. तो खुर्चीवर अवघडून बसलेला असतो, हातातल्या पिशवीतून कागद काढताना त्याची बोटं थरथरतात, मृताच्या नावाचं स्पेलिंग सांगताना मध्येच थांबतो. मग मी ओळ भरते, महिनाअखेरीला बेरजा होतात, बेरजा वर जातात, आणि वर पोचेपर्यंत त्या मुलाचं '1 ते 4 वर्षे, मुलगा, अपघाती: एक' एवढंच उरतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. एवढ्या माणसांचा हिशोब ठेवायचा तर असंच व्हायला लागतं. पण आकडा माझ्यापासून दूर जाताना कसा कसा पुसट होत जातो हे मी रोज बघते, आणि मतदानाच्या दिवशी मला त्याच्या उलट्या दिशेने चालावं लागतं. हातात एखादा आकडा, एखादं आश्वासन, एखादी योजना असते, आणि तिच्या टोकाला खुर्चीवर बसलेलं माणूस शोधायचं असतं.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. आधीची कित्येक वर्षं मी मत दिलं ते माणूस बरा वाटतो म्हणून, बोलतो चांगलं म्हणून, घरात सगळे त्यालाच देतात म्हणून. माणसाच्या जिवाला मोल आहे असं तुम्ही मानता का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला रागच आला असता. हा काय प्रश्न झाला? कोण मानत नाही?

मानतात सगळेच. आपल्या भाषेत तर 'जीव' या एका शब्दावर केवढा संसार उभा आहे. आपण जीव लावतो, जीव टाकतो, जीव ओततो. कुणी उशिरा घरी आलं की जीव भांड्यात पडतो, तोवर तो टांगणीला लागलेला असतो. पण नीट पाहिलं तर हे सगळे वाक्प्रचार जवळच्या माणसांचे आहेत. जिवाभावाची माणसं पाच-दहा असतात. ज्याला कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही, अशा माणसासाठी जीव टांगणीला लागणं याला आपल्याकडे शब्द नाही. मत मात्र बहुतेक वेळा अशाच माणसांबद्दलचं असतं.

सतराव्या शतकातला जॉन ग्रँट हा लंडनचा एक व्यापारी मला फार जवळचा वाटतो. शहरात दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. लोक त्या वाचून मृत्यू वाढले की घटले, प्लेग वाढला का एवढं बघत आणि टाकून देत. ग्रँटने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या गोळा केल्या, मांडल्या आणि 1662 मध्ये आपले निष्कर्ष छापले. त्याच्या हिशोबाने 100 मुलांतली 36 सहा वर्षांची होण्याआधीच जात होती. प्रत्येक घराला आपलं मूल गेल्याचं माहीत होतं. सगळ्यांची मिळून किती गेली, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. घराघरातलं दुःख एका कागदावर आल्यावर मग 'इतकी का?' असं विचारता येतं. ते विचारणाऱ्याच्या हातात मत असेल तर काय होतं, हे कळायला मात्र आणखी अडीचशे वर्षं जावी लागली.

अमेरिकेत बायकांना मताचा हक्क एका दिवसात मिळाला नाही. 1869 मध्ये वायोमिंगमध्ये मिळाला, मग एकेक राज्य करत 1920 पर्यंत देशभर. ग्रँट मिलर या अर्थशास्त्रज्ञाने नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. कोणत्या राज्यात हक्क केव्हा आला आणि त्यानंतर तिथल्या मृत्यूच्या नोंदी कशा बदलल्या, हे त्याने ताडून पाहिलं आणि 2008 मध्ये ते प्रसिद्ध केलं. हक्क आल्यावर वर्षभराच्या आतच लोकप्रतिनिधींची सभागृहातली मतं बदलू लागली. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला. घरोघर फिरून स्वच्छता शिकवणाऱ्या मोहिमा निघाल्या. पाणी उकळा, दूध झाकून ठेवा, हात धुवा. बालमृत्यू 8 ते 15 टक्क्यांनी कमी झाले. जुलाब, घटसर्प असल्या, वैताग यावा इतक्या साध्या आजारांनी जाणारी ही मुलं होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. पुढाऱ्यांना आधी मुलं मरतात हे माहीत नव्हतं का? होतं. रजिस्टरं भरलेली होती. त्या मुलांच्या आयांना मत नव्हतं, एवढंच. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी मुलांच्या जिवाला वजन आलं. मुलं तीच होती, जुलाबही तेच होते.

गोष्ट इथे संपली असती तर सांगायला किती बरं वाटलं असतं. 1921 मध्ये तिथल्या काँग्रेसने आया आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी शेपर्ड-टाउनर कायदा केला. गरोदर बायकांसाठी तपासणी केंद्रं आणि घरी येणाऱ्या परिचारिका असं त्याचं स्वरूप होतं. नव्याने आलेल्या लाखो मतांची धास्ती हे त्यामागचं एक कारण होतं. मग निवडणुका होत गेल्या आणि पुढाऱ्यांच्या ध्यानात आलं की बायका काही एकगठ्ठा मत देत नाहीत, या कामासाठी कुणाला पाडतही नाहीत आणि निवडूनही आणत नाहीत. 1929 मध्ये त्या कायद्याचा पैसा बंद झाला.

त्या बायका वाईट आई होत्या का? मुळीच नाही. मला वाटतं, त्यांच्यापैकी पुष्कळ जणींना आपलं मूल कशामुळे वाचलं हे कळलंच नसेल. मूल वाचलं म्हणजे काही घडलंच नाही. आदल्या दिवशीसारखाच पुढचा दिवस उजाडला. मुलाला घटसर्प झाला आणि डॉक्टरांनी वाचवलं, तर आई त्या डॉक्टरांचं नाव जन्मभर घेईल. झालाच नाही, तर ती कुणाचं नाव घेणार?

माझ्या सगळ्या विचारांचं मूळ इथे आहे. मी झालेल्या नोंदी करते. न झालेल्या नोंदींचं रजिस्टर कुठेही नाही. खड्ड्यावर झाकण असतं तर तो मुलगा त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन जेवला असता, रडला असता, झोपला असता, आणि त्या झाकणाचे आभार मानावेत हे जगात कुणाच्याही मनात आलं नसतं. झाकण बसवणाऱ्याला मत द्यावं, हे तर नाहीच.

टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्ये हे फार नेमकं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं असं: सहा वर्षांच्या, तपकिरी केसांच्या एका मुलीला नाताळपर्यंत जगवण्यासाठी शस्त्रक्रियेला हजारो डॉलर लागणार आहेत असं छापून येऊ द्या, पोस्टात सुट्ट्या नाण्यांचा पूर येईल. विक्रीकर नसेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या रुग्णालयांची हालत बिघडेल आणि टाळता येण्याजोगे मृत्यू किंचित वाढतील असं छापून येऊ द्या, कुणाच्या डोळ्याला पाणी येणार नाही आणि खिशाकडे हात जाणार नाही.

ती मुलगी म्हणजे मदत. तो कर म्हणजे मत. नाणी पाठवणारी आणि कराला नाही म्हणणारी माणसं वेगळी नाहीत. दुपारी पोस्टात जाऊन येणारा संध्याकाळी करवाढीविरुद्ध बोलतो, आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. मी स्वतः हे केलेलं आहे. एका वर्षी रस्त्याच्या देखभालीसाठी कर वाढवणार म्हणणाऱ्याला मी मत दिलं नाही, आणि त्याच आठवड्यात अपघातात जखमी झालेल्या अनोळखी मुलाच्या उपचारासाठी वर्गणी दिली. तेव्हा मला दोन्हीत काही विसंगती दिसली नव्हती.

अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचे निकाल आणि नैसर्गिक आपत्तींवरचा सरकारी खर्च एकत्र ठेवून पाहिला. आपत्ती आल्यावर मदत वाटणाऱ्या सरकारला मतदार बक्षीस देतात. आपत्तीची आधी तयारी करणाऱ्याला देत नाहीत. त्यांच्याच हिशोबाने तयारीवर घातलेला एक डॉलर पुढचं सुमारे 15 डॉलरचं नुकसान वाचवतो. म्हणजे पुढारी मूर्ख नाही. बांध फुटल्यावर बोटीत उभं राहून पाकिटं वाटण्यात मतं आहेत आणि बांध दुरुस्त करण्यात नाहीत, हे आपणच त्याला शिकवलेलं आहे. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं, कारण बोटीत उभ्या असलेल्या माणसाचा फोटो पाहून माझ्याही मनात कृतज्ञता दाटून आलेली आहे.

पण मतदार प्रत्येक वेळी विसरतो असंही नाही.

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर, भोला बेट आणि आसपासच्या भागात चक्रीवादळ आलं. भरतीच्या वेळी आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. हा आकडा मी माझ्या सवयीने ओळींत मोजायला जाते आणि थांबते. एका पानावर पंचवीस ओळी धरल्या, तरी तीन लाखांना बारा हजार पानं लागतील. बारा हजार पानं मी आयुष्यात भरलेली नाहीत. हजारो किलोमीटरवर बसलेल्या केंद्र सरकारची मदत उशिरा आली, अपुरी आली, आणि आपण मेलो काय नि जगलो काय, तिकडे कुणाला पर्वा नाही, ही भावना बंगालभर पसरली. 7 डिसेंबरला, महिनाही झाला नव्हता, निवडणूक झाली. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या मतदारसंघांत मतदान पुढे ढकलून जानेवारीत घ्यावं लागलं. सगळे निकाल लागले तेव्हा पूर्वेकडच्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 पूर्वेची स्वायत्तता मागणाऱ्या अवामी लीगला मिळाल्या होत्या. भाषेचा प्रश्न होता, पैशाच्या वाटणीचा होता, स्वायत्ततेची मागणी वर्षानुवर्षं धुमसत होती. सगळं श्रेय वादळाला देणं चूक ठरेल. पण ज्यांनी प्रेतं ओढून काढली होती त्याच हातांनी महिन्या-दोन महिन्यांत मत दिलं, हेही खरं आहे.

मला त्या निकालापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. देश स्वतंत्र झाल्यावर 1972 मध्ये तिथे चक्रीवादळाच्या पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला. कर्णे आणि झेंडे घेऊन गावोगाव फिरणारे स्वयंसेवक तयार झाले. आज ते सुमारे 76 हजार आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास बायका आहेत. 1991 च्या वादळात तरीही 1 लाख 38 हजारांवर माणसं गेली; निवारे कमी पडले होते. मग निवारे वाढले. 2007 च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. तेही थोडे नाहीत, प्रत्येकाची एक ओळ आहे. पण मधले जे उरले, जे पहाटे निवाऱ्यातून बाहेर येऊन आपापल्या मोडक्या घरी गेले, त्यांची नावं कुणीही सांगू शकणार नाही. कर्णा घेऊन गेलेल्या बाईलाही सांगता येणार नाहीत.

अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे की निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळी भूकबळी होत नाही, कारण तो झाला तर सरकार टिकत नाही. ते लोक नेहमी सांगतात. सेन यांचं दुसरं म्हणणं मात्र कमी सांगितलं जातं: रोजची, मुकी, थोडी थोडी भूक याच लोकशाहीत वर्षानुवर्षं चालू राहते, कारण तिच्यामुळे कुणाचं सरकार पडत नाही. माझ्या रजिस्टरात भुकेने मृत्यू अशी नोंद मी जवळजवळ केलेलीच नाही. न्यूमोनिया असतो, जुलाब असतात, ताप असतो. मूल का तग धरू शकलं नाही, त्याला रकाना नाही.

आता ज्या भागाबद्दल लिहायला मला भीती वाटते तो.

माझ्याकडे तीन प्रकारच्या नोंदी होतात: जन्म, मृत्यू आणि उपजत मृत्यू. तिसरी नोंद मृत जन्मलेल्या बाळाची. ही नोंद करायला आलेला बाप बहुधा एकटा येतो, बाई अजून रुग्णालयात असते. पहिल्या वर्षी मी अशा एका माणसाला न कळत विचारलं होतं, "बाळाचं नाव?" तो म्हणाला, "ठरलेलं होतं." मी पुन्हा तो प्रश्न कुणाला विचारला नाही. जीव कुठे सुरू होतो, या वादात ज्यांना एका वाक्यात उत्तर देता येतं त्यांनी या टेबलापाशी महिनाभर बसावं असं मला वाटतं. त्या बापाला 'अजून माणूस नव्हतंच ते' असं सांगायची माझी छाती होणार नाही. आणि आपल्या जिवाला धोका असताना ज्या बाईला सुटका नाकारली गेली, तिच्या आईला 'नियम जिवासाठीच होता' असं सांगायचीही होणार नाही.

आयर्लंडने गर्भपाताच्या प्रश्नावर थेट मत दिलं. 1983 मध्ये सुमारे 67 टक्के मतदारांनी घटनेत कलम घातलं: न जन्मलेल्याला जगण्याचा हक्क आहे, आणि आईचाही तितकाच आहे. 2018 मध्ये सुमारे 66 टक्के मतदारांनी ते काढलं. मधल्या काळात, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये, भारतातून तिथे गेलेली 31 वर्षांची एक दंतवैद्य गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं असताना रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून तिची गर्भपाताची विनंती मानली गेली नव्हती. दोन्ही वेळच्या प्रचारात फलकांवर जीव हाच शब्द होता, आणि दोन्हीकडची कित्येक माणसं तो शब्द प्रामाणिकपणे वापरत होती. पस्तीस वर्षांत आयरिश लोकांची जिवावरची श्रद्धा उडाली, असं मला वाटत नाही. 1983 मध्ये एकाच जिवाला चेहरा होता. 2012 नंतर दुसऱ्यालाही आला.

त्याच 1983 सालच्या डिसेंबरात शिकागोचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात एक भाषण केलं. गर्भपाताला विरोध असेल तर अण्वस्त्रांना हवा, फाशीलाही हवा. आणि जन्माला येण्याचा हक्क मागणाऱ्याने जन्मल्यानंतरच्या भुकेचीही काळजी वाहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याला लोक 'बिनशिवणीचं वस्त्र' म्हणू लागले. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण ती अखंडपणाची ओढ मला खरी वाटते, आणि मतदार म्हणून तीच मला छळते. कारण असं अख्खं वस्त्र कुठलाच पक्ष विणत नाही. एकाकडे बाही असते, दुसऱ्याकडे पाठ. जो तुरुंगातल्या माणसाच्या जिवाबद्दल बोलतो तो सीमेपलीकडच्या मुलांबद्दल गप्प असतो. जो गर्भाबद्दल बोलतो त्याला प्रसूतिगृहातल्या परिचारिकांच्या रिकाम्या जागांबद्दल काही म्हणायचं नसतं. अशा वेळी कापावं लागतं. मी काय कापते आहे हे मला माहीत असावं, एवढं मी स्वतःवर बंधन घातलेलं आहे. घरी येऊन मी ते वहीत लिहून ठेवते: या मताने मी यांना सोडलं.

आणि एक कसोटी मी रजिस्टरातून घेतली आहे. तिथे एका माणसाला एक ओळ मिळते. मोठ्या माणसाला दोन नाहीत, लहानाला अर्धी नाही. 2003 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या एका विश्लेषणात सत्तरीपुढच्या माणसाच्या जिवाची किंमत इतरांपेक्षा 37 टक्के कमी धरलेली बाहेर आली. हवा स्वच्छ करण्यावरचा खर्च परवडतो का, हे त्यातून ठरवायचं होतं. म्हातारी माणसं खवळली, सभांमधून उभी राहिली, आणि संस्थेला तो हिशोब सोडून द्यावा लागला. हिशोब करायचाच नाही असं मी म्हणत नाही. पैसा मर्यादित असतो, कुणाला तरी वाटणी करावीच लागते. पण ओळीची लांबी कमी करायला निघालेला माणूस उद्या कुणाची कमी करेल याचा भरवसा नसतो. मताचीही पूर्वी हीच गत होती. ब्रिटनमध्ये 1948 पर्यंत विद्यापीठाच्या पदवीधराला आणि व्यवसायाची जागा असलेल्याला दुसरं मत देता येत होतं. एका माणसाला एक मत ही गोष्ट एका माणसाला एक ओळ या गोष्टीची सख्खी बहीण आहे, असं मला वाटतं. म्हणून कुणी उमेदवार 'आपली माणसं, आपली माणसं' म्हणत जिवाच्या रक्षणाची भाषा करू लागला की मी त्याला ऐकता ऐकता पाहत असते, याच्या रजिस्टरात दुसऱ्यांना ओळ आहे का? जीव धोक्यात आहे असं सांगून मत मागणं सगळ्यात सोपं असतं, आणि त्या भीतीच्या पोटात बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी जीव स्वस्त झालेला असतो.

आताशा जाहीरनामा मी शेवटच्या पानापासून वाचते. पुढच्या पानांवर काय बांधणार ते असतं. मागे कुठेतरी, असलंच तर, देखभाल, दुरुस्ती, तपासणी, लस थंड ठेवण्याची सोय, रिकाम्या जागा भरणं असतं. मला भेटायला आलेल्या उमेदवाराला मी तेवढंच विचारते. बहुतेकांना आश्चर्य वाटतं. एक तरुण मुलगी मात्र उभीच होती ती खाली बसली आणि तिने सांगितलं की उघड्या खड्ड्यांची यादी करायचं तिच्या मनात आहे, पण त्यावर भाषण काय करणार? मी तिला मत दिलं. ती पडली. ते मत वाया गेलं असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

त्या बाई मला पुन्हा दिसल्या त्या मतदानाच्या रांगेतच. माझ्यापुढे तीन-चार माणसं सोडून उभ्या होत्या. मी नजर दुसरीकडे वळवली. आमच्या कामात लोकांना आपली ओळख नको असते, आपल्याला पाहिलं की त्यांना तो दिवस आठवतो. पण त्यांनीच मागे वळून पाहिलं आणि त्या रांग सोडून माझ्यापाशी आल्या.

"तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते कुठे लिहायचं ते."

मी दरवाज्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्या आपल्या जागी परत गेल्या. पुढच्या माणसाने त्यांची जागा धरून ठेवली होती. त्यांचा नंबर आला. आत गेलेली माणसं भराभर बाहेर येत होती. त्यांना मात्र बराच वेळ लागला.